माजी विद्यार्थी संघ काढताय? आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन या

डिसेंबर उजाडला की मुळशी नाहीतर पानशेतच्या वाटेवरच्या एखाद्या रिसॉर्टवर पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेची दहावीची बॅच जमतेच. एकाच रंगाचे टी-शर्ट, सकाळी मिसळ, दुपारी अंताक्षरी, संध्याकाळी 'आता दरवर्षी भेटायचं' अशा आणाभाका. मी स्वतः असे दोन मेळावे केले आहेत आणि दोन्ही झकास झाले. फक्त त्यांची शाळेला गंधवार्ता नव्हती. तो आमचा आमच्याशी संबंध होता, शाळेशी नव्हे. दोन्हीत गल्लत झाली की संघ दोन वर्षांत बंद पडतो.

हा लेख दुसऱ्या प्रकारच्या उद्योगासाठी आहे. आमची शाळा पेठेतली, अनुदानित, मराठी माध्यमाची. संघ नऊ वर्षं चालू आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एकदोन कडू गोष्टीही येणार आहेत.

पहिली फेरी: ऑफिस

शाळेत कधी जायचं हे आधी ठरवा. जूनमध्ये प्रवेश, दाखले, पुस्तकवाटप यांची धांदल असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल तर तुम्हाला फाटकातूनच परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. जुलैअखेर ते ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचे पंधरा दिवस बरे. दोघांनीच जा. आठदहा जण एकदम केबिनमध्ये शिरले की मुख्याध्यापकांना मोर्चा आल्यासारखं वाटतं. बरोबर साधं पत्र न्या, ऑफिसात देऊन आवक क्रमांक घ्या. वर्षभरानं मुख्याध्यापक बदलले तर तो क्रमांकच तुमची ओळख पटवतो.

पहिल्या भेटीत हॉल मागू नका, देणगीही जाहीर करू नका. एकच विचारा: 'दरवर्षी करावं लागतं आणि माणसं कमी पडतात, असं कुठलं काम आहे?'

आम्ही डोक्यात डिजिटल वर्ग घेऊन गेलो होतो. मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, 'वाचनालयाची कपाटं कुणी लावून देईल का? ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.' जरा हिरमुसलो, पण लागोपाठ चार शनिवार गेलो. तिसऱ्या शनिवारी एका पुस्तकाच्या मलपृष्ठाला आतून चिकटवलेला देवघेवीचा कागद निघाला. त्यावर आमच्याच तुकडीतल्या एकाचं नाव, निळ्या शाईत, पुढे उशिराबद्दल दंड २५ पैसे. फोटो काढून ग्रुपवर टाकला. हा गृहस्थ कॅनडात. दोन वर्षांत एका मेसेजला उत्तर नव्हतं. दहा मिनिटांत त्याचा फोन आला: 'तो दंड मी भरलाच नव्हता.' आजही वाचनालयाच्या नव्या पुस्तकांचा खर्च तोच बघतो. रिसॉर्टवरच्या दोन मेळाव्यांत त्याला शाळेकडे ओढता आलं नव्हतं. ते काम त्या कागदाच्या चिटोऱ्यानं केलं.

ऑफिसात आणखी एक गोष्ट समजून घ्या. शाळा आणि संस्था ही दोन वेगळी दारं आहेत. पुण्यात तर ही विभागणी फार जुनी. न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं १८८० मध्ये आणि ते चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली १८८४ मध्ये. म्हणजे शाळाच संस्थेपेक्षा चार वर्षांनी थोरली. वाचनालय लावणं, मुलांसाठी एखादं सत्र घेणं, शनिवारी वर्ग उघडून घेणं हे मुख्याध्यापकांच्या हातात असतं. रंगकाम, बांधकाम, सभागृह, मोठी देणगी, भिंतीवर लावायची पाटी या गोष्टी संस्थेच्या. मुख्याध्यापकांनी तोंडी 'हो' म्हटलं म्हणून रंगारी घेऊन पोचाल, तर त्यांनाच संस्थेकडून बोलणी खावी लागतील आणि पुढच्या वेळी दार किलकिलंच उघडेल.

आणि ऑफिसातले क्लार्क व शिपाई यांच्याशी नातं जपा. मुख्याध्यापक बदलतात, ही माणसं वीस-पंचवीस वर्षं तिथेच असतात. आमच्या संघाचा खरा आधारस्तंभ कोण म्हणाल, तर ज्यांना सगळ्या बॅचेस 'मामा' म्हणतात ते.

यादी: इथे घाई करू नका

नव्या संघांचं पहिलं वर्ष याच कामात गेलं पाहिजे. गूगल फॉर्म फिरवून यादी होत नाही. फॉर्म भरतात ते तसेही भेटणारेच लोक. यादी होते फोनवर आणि जुन्या वर्गफोटोवरून.

एक्सेलमध्ये रकाने असे करा: शाळेच्या रजिस्टरमधलं पूर्ण नाव, आत्ताचं नाव, दहावीच्या परीक्षेचं वर्ष, तुकडी, सकाळचं की दुपारचं अधिवेशन, फोन, राहण्याचं ठिकाण, आणि 'काय करू शकाल?' यातल्या तीन रकान्यांवर थोडं बोलायला हवं.

नावाचं बघा. मुलींची अर्धी यादी इथेच हरवते. शाळेच्या रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, फेसबुकवर सासरचं आडनाव, आणि जुन्या बॅचेसमध्ये तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. रजिस्टरमधली कुमुद देशपांडे आज कुणी अनुराधा साठे असेल तर शोधणार कशी? हुजूरपागेसारख्या १८८४ पासून चालू असलेल्या मुलींच्या शाळेचा विचार केला तर हा घोळ केवढा होत असेल याचा अंदाज येईल. उपाय एकच: प्रत्येक तुकडीतली एक मुलगी शोधायची आणि तिला बाकीच्या शोधायला लावायच्या. मुली एकमेकींची माहेरं ओळखतात. आईवडिलांच्या जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतही भाऊ किंवा वहिनी सापडतेच.

वर्षाचं बघा. 'आमची ८४ ची बॅच' म्हणणारा शाळेत आला ते साल सांगतोय की बाहेर पडला ते, हे विचारून घ्या. रकान्यात परीक्षेचंच वर्ष लिहा. आणखी मागे गेलात तर अकरावी मॅट्रिकवाले भेटतील. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली, त्यामुळे त्या सुमारास कुणी 'दहावी' म्हणेल, कुणी 'अकरावी', आणि शेजारच्या बाकांवर बसलेले दोघे यादीत लांब जाऊन पडतील.

तिसरी गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. दहावीच्या वर्षावरून यादी केली की जे दहावीपर्यंत पोचलेच नाहीत ते गळतात. नववीत नापास होऊन मागे राहिलेला, आठवीत वडील गेल्यावर मंडईत गाळ्यावर बसायला लागलेला, बदलीमुळे गेलेली. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं आणि चूक उशिरा कळली. आमच्या वर्गातला एकजण शाळेपासून चार मिनिटांच्या अंतरावर फॅब्रिकेशनचा व्यवसाय करतो. त्याला बोलावलंच नव्हतं, का तर तो 'आमच्या बॅचचा' नाही म्हणून. पहिली ते आठवी एका बाकावर बसलेला माणूस! आता रकान्याचं नाव आम्ही 'दहावीचं वर्ष (किंवा वर्गमित्रांचं)' असं ठेवलं आहे. शाळेच्या व्हरांड्याची जाळी त्यानंच बसवून दिली.

शाळेच्या जनरल रजिस्टरची झेरॉक्स मात्र मागू नका. त्यात जन्मतारीख, जात, आईचं नाव असं सगळं असतं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर शाळेनं ते तुमच्या हाती ठेवणं अडचणीचं आहे. उलटं करा. तुमची यादी ऑफिसात द्या, नावं-वर्षं पडताळून देण्याची विनंती करा. नंबर घेताना 'ही माहिती संघाच्या कामापुरतीच' असं सांगा आणि ते पाळा. आमच्या यादीतून एका विमा एजंटानं नंबर उचलले होते. (आमचाच वर्गमित्र. अजून बोलणं नाही.)

वर्गफोटो हाती आला की तो सहाशे डीपीआयवर स्कॅन करून घ्या; अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हे करून देणारी दुकानं सहज मिळतात. मोबाईलनं काढलेला फोटो मोठा केला की मागच्या रांगेतले चेहरे विरघळतात. मग रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे नावं भरायची. खाली सतरंजीवर बसलेली रांग सगळ्यात लवकर भरते, मागे बाकावर उभी असलेली सगळ्यात उशिरा. ज्या चेहऱ्याचं नाव कुणालाच आठवत नाही, तो चेहरा कापून ग्रुपवर टाका. 'हा कोण?' या प्रश्नाला जितकी उत्तरं येतात तितकी सभेच्या निमंत्रणालाही येत नाहीत.

व्हॉट्सअॅप

थोडक्यात सांगतो. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात म्हणून सगळी शाळा एका ग्रुपमध्ये कोंबू नका. बॅचचे ग्रुप त्यांचे त्यांना चालवू द्या. तिथे राजकारण, सुविचार, कैरीच्या लोणच्याची ऑर्डर, काय हवं ते चालू दे. संघाचा एक वेगळा ग्रुप ठेवा, ज्यात फक्त अॅडमिन लिहितील, आणि त्यात महिन्याला दोनच मेसेज जातील. दोन म्हणजे दोन. श्रद्धांजलीसुद्धा बॅचच्या ग्रुपवर. नियम कडक वाटेल, पण त्यामुळे संघाचा मेसेज आला की माणसं उघडून वाचतात.

शिक्षक

अनुदानित शाळेतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. हिशोब करा: दहावी होऊन २५ वर्षं झाली असतील तर त्या वेळी ३३ च्या पुढे असलेले तुमचे सगळे सर आणि बाई आज शाळेत नाहीत. तुम्ही स्टाफरूमच्या दारात उभे राहाल आणि आतून सगळे अनोळखी चेहरे विचारतील, 'कोण हवंय?' म्हणून निवृत्त शिक्षकांची यादी वेगळी, आणि ती माजी विद्यार्थ्यांच्या यादीच्याही आधी करा.

फोन करण्यापूर्वी त्यांच्या सहकारी शिक्षकांकडे चौकशी करा. हे मी चुकून शिकलो. आमच्या गणिताच्या सरांच्या लँडलाइनवर मी मोठ्या उत्साहात फोन केला, पलीकडे बाईंचा आवाज. मी आपला सुरूच: सरांना न्यायला गाडी पाठवतो, पहिल्या रांगेत बसवतो वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बाळ, ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. पण तू बोल, मला बरं वाटतंय ऐकून.' पुढे त्या स्वतः कार्यक्रमाला आल्या. तरी तो फोन आठवला की अजून कान गरम होतात. आता हे काम आमच्यातल्या एकाच माणसाकडे आहे. तो आधी विचारपूस करतो, मग फोन करतो, आणि दुपारी एक ते चार अजिबात करत नाही.

कार्यक्रम शाळेतच करा, मंगल कार्यालयात नको. तळमजल्यावरचा वर्ग घ्या. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर ऐंशी वर्षांच्या बाईंना तो जिना म्हणजे सिंहगड आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक विद्यार्थी नेमा: आणणं, पाणी, स्वच्छतागृह, परत सोडणं. सत्कार वीस मिनिटांत संपवा. शाल-श्रीफळाऐवजी त्यांना खडू द्या आणि दहा मिनिटांचा तास घ्यायला सांगा. आमच्या भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर हातानं महाराष्ट्राचा नकाशा काढला, नद्यांसकट, आणि शेवटच्या बाकावरच्या पन्नाशीच्या माणसाला उभं करून भीमेची उपनदी विचारली. उत्तर आलं नाही.

तारीख ठरवताना पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस आणि गणेशोत्सव टाळा. पेठांत गाडी आणणं तर सोडाच, चालणंही अवघड, आणि वारकऱ्यांच्या उतरण्यासाठी शाळाच दिलेली असू शकते. परदेशातले लोक डिसेंबरच्या शेवटी येतात, पण तेव्हाच शाळेचं स्नेहसंमेलन असतं का ते विचारा. पार्किंगची सोय नसेलच. निमंत्रणातच लिहा: मंडई किंवा कसबा पेठ मेट्रोनं या.

द्यायचं काय

आता कडू गोष्ट. तिसऱ्या वर्षी आम्ही वर्गणी काढून प्रोजेक्टर दिला. हार, फोटो, सगळं झालं. वर्षभरानं गेलो तर तो कपाटात, कुलपात, मूळच्या खोक्यातच. बल्ब गेला तर पैसे कोण देणार, मुलांनी पाडला तर जबाबदार कोण, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. शाळेवर चिडलो होतो, पण चूक निम्मी आमची. वस्तू दिली की तिच्या देखभालीचे पाच वर्षांचे पैसेही बाजूला ठेवा, नाहीतर देऊ नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजची मुलं ओळखा. आमच्या वेळी वर्गात निम्मी मुलं आसपासच्या वाड्यांतली होती. ती कुटुंबं कोथरूड, सिंहगड रस्त्याकडे गेली, त्यांची मुलं इंग्रजी शाळेत. आज आमच्या शाळेत दांडेकर पूल, पर्वती पायथा इथून मुलं येतात. आई धुण्याभांड्याची कामं करते, वडील रिक्षा चालवतात. त्यांना आमच्या 'सुवर्णकाळा'चं काय?

आम्हाला सापडलेलं सगळ्यात उपयोगी काम: आठवीच्या मुलांची एनएमएमएस परीक्षेची तयारी. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती आहे. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. बौद्धिक क्षमता हा विषय शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नसतो, आणि तिथेच मुलं अडतात. जुलैपासून दर शनिवारी दोन तास, दोन माजी विद्यार्थी. खर्च झेरॉक्सचा. याबरोबर ऑफिसला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मदत करा. तयारी झालेली मुलं बरेचदा कागदाअभावी राहतात. गेल्या वर्षी एका मुलीच्या वडिलांबरोबर तहसील कार्यालयात आमच्यातला निवृत्त बँक अधिकारी तीन वेळा गेला. तिचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला.

नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला माजी विद्यार्थी नेताना फक्त अमेरिकेतले नेऊ नका. आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात लागलेला फिटर, ससूनमधली परिचारिका, स्वतःचं गॅरेज असलेला यांना न्या. मुलांचे प्रश्न त्यांनाच जास्त येतात: पगार किती, घरून डबा नेता का, इंग्रजी येत नव्हतं तर काय केलं. शाळेच्या वेळेत जाताना शिक्षक वर्गात हवेतच, आणि मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. यावर कुणी हुज्जत घातली तर त्याला पुढच्या वेळी नेऊ नका.

पैसा आणि नोंदणी

पहिली दोन वर्षं संघाची नोंदणी करू नका, हे माझं मत. पैसे शाळेच्या मातृसंस्थेच्या खात्यात द्या आणि पावतीवर शाळेचं नाव व कारण लिहून घ्या. 'देणगी' एवढंच लिहिलेली पावती घेतली तर तो पैसा कुठे गेला हे विचारायची सोय राहत नाही. करसवलत, जिला सगळे ८०जी म्हणून ओळखतात, ती २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती अजिबात मिळत नाही, हे आधीच सांगा म्हणजे नंतर तोंडं पडत नाहीत.

पुढे नोंदणी करायचीच असेल तर किमान सात सभासद घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात करावी लागते. दरवर्षी ऑडिट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत फेरफार अर्ज. हा अर्ज विसरल्यामुळे कागदावर अजून जुनेच अध्यक्ष असलेले संघ मला माहीत आहेत. त्यातले एक अध्यक्ष हयात नाहीत.

परदेशातल्या मित्रांचं वेगळं. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं नेहमीच्या बँकमार्गानं दिलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे मात्र धरले जातात, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. ते घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी व त्या काळात १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नव्या संघाच्या आवाक्यातलं हे नाही. त्या मित्राला पैशाऐवजी वेळ मागा. शनिवारच्या तासाला व्हिडिओवरून शिकवायला पासपोर्टचा रंग आड येत नाही.

नवी बॅच कुठे पकडायची

बहुतेक संघ म्हातारे होतात, कारण ते आपल्याच वयाची माणसं गोळा करत राहतात. आमच्या कार्यकारिणीत आता एक चोवीस वर्षांचा मुलगा आणि एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे, आणि त्यांचं ऐकायची सवय आम्हाला लागायला दोन वर्षं गेली.

दहावीचा निरोप समारंभ ही योग्य वेळ वाटते, पण नाही. त्या दिवशी मुलं रडत असतात नाहीतर शर्टवर सह्या घेत असतात. योग्य दिवस म्हणजे निकालानंतर मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला सगळे शाळेत येतात तो. जवळजवळ प्रत्येकजण येतोच, नापास झालेला सोडून. त्याच्या घरी मात्र आपण जायचं. मामांना विचारून ऑफिसच्या खिडकीशेजारी एक टेबल टाका. मुलं अठराच्या आतली आहेत, म्हणून नंबर पालकांचा घ्या आणि सही पालकांचीच घ्या. मुलाचा मोबाईल नंबर अकरावीत बदलतो, आईचा सहसा बदलत नाही. एका वहीत तुकडीनुसार पानं पाडून ठेवा, आणि टेबलावर पेनं चार ठेवा. एक हमखास जातं.